‘बाहेरून आणा’: रुग्णालयाच्या औषधयादीत नसलेल्या औषधांचा खर्च कसा तपासावा आणि कसा आटोक्यात ठेवावा

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात खाट मोफत मिळते, शस्त्रक्रियेचे शुल्क नाममात्र असते, आणि तरीही घरातले दागिने गहाण पडतात. याचे कारण अनेकदा बाहेरच्या चिठ्ठ्या हे असते. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाची एक ठरलेली औषधयादी असते. त्या यादीतली औषधे दरकरारावर घाऊक घेतलेली असल्यामुळे ती रुग्णाला मोफत किंवा अगदी कमी दरात देणे रुग्णालयाला परवडते. यादीबाहेरचे औषध मात्र नातेवाइकाने मेडिकलमधून छापील किमतीला आणायचे असते, आणि तेही बहुधा रात्री, घाईत, किमतीची चौकशी करण्याइतके भान नसताना.

अशा वेळी ‘हे औषध कुठे स्वस्त मिळेल?’ हा प्रश्न सर्वांत आधी सुचतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘हे औषध बाहेरून का आणायचे?’ हा असला पाहिजे, कारण औषधाचे पैसे तुम्ही द्यायचे, रुग्णालयाने द्यायचे की एखाद्या योजनेने, हे त्या उत्तरावर ठरते. पुढील पायऱ्या महाराष्ट्रातील रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: बाहेरून आणण्याचे कारण विचारून घ्या

बाहेरच्या चिठ्ठीमागे साधारणपणे तीन कारणांपैकी एक असते. पहिल्या प्रकारात औषध रुग्णालयाच्या यादीत असते, पण साठा संपलेला असतो. दुसऱ्या प्रकारात लिहिलेले औषध यादीत नसते, परंतु तेच काम करणारे दुसरे औषध किंवा त्याच औषधाचा दुसरा ब्रँड यादीत असतो. तिसऱ्या प्रकारात औषध खरोखरच यादीबाहेरचे असते आणि त्याला पर्याय नसतो. नातेवाइकाच्या हातात पडणारा कागद तिन्ही वेळा सारखाच दिसतो, त्यामुळे विचारल्याशिवाय फरक कळत नाही.

विचारणा त्या युनिटच्या निवासी डॉक्टरांकडे करावी, आणि ते शस्त्रक्रियेत किंवा राउंडवर असतील तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे करावी. ‘डॉक्टर, हे आपल्या यादीत आहे का? नसेल तर यादीतले दुसरे काही चालेल का?’ इतके सरळ विचारले तर कोणी रागावत नाही. निवासी डॉक्टर अनेकदा सवयीने किंवा वरिष्ठांच्या पसंतीने एखादा ब्रँड लिहितात आणि विचारल्यावर लगेच बदलून देतात. मात्र उपचाराच्या दृष्टीने तेच औषध हवे असे त्यांनी स्पष्ट सांगितले तर तिथे घासाघीस करू नये.

साठा नसल्याचे कारण असेल, तर चिठ्ठीवर किंवा केसपेपरवर तशी नोंद करून घ्यावी. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा, स्त्री व जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये वेगळ्या विभागाकडे येतात, म्हणून हा निर्णय त्यांना आपोआप लागू होत नाही. मुंबई महापालिकेनेही आपल्या रुग्णालयांसाठी ‘झीरो प्रिस्क्रिप्शन’ धोरण जाहीर केले होते. धोरण जाहीर होणे आणि भांडारात औषध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वॉर्डमध्ये राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. तरीही जिथे औषध मोफत मिळायला हवे, तिथे वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन स्थानिक खरेदीतून औषध उपलब्ध करून देण्याची मागणी करता येते. अशा मागणीला ‘साठा उपलब्ध नाही’ ही एका ओळीची नोंद फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: चिठ्ठी नीट वाचा

औषधाच्या चिठ्ठीत चार गोष्टी स्पष्ट हव्यात: औषधाचे मूळ म्हणजे जेनेरिक नाव, त्याचे प्रमाण, ते किती वेळाने द्यायचे, आणि किती दिवस. फक्त ब्रँडचे नाव लिहिलेले असेल तर शेजारी जेनेरिक नाव लिहून मागावे. याला व्यावहारिक कारण आहे. भारतातील नियमांनुसार दुकानदाराला चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी स्वतःच्या मर्जीने दुसरा ब्रँड देता येत नाही, जरी आतले औषध तेच असले तरी. जेनेरिक नाव लिहिलेले असेल तर हा अडथळा राहत नाही आणि तुम्हाला चार किमतींमधून निवड करता येते.

जोडऔषधांकडे, म्हणजे दोन औषधे एकत्र करून विकल्या जाणाऱ्या औषधांकडे, विशेष लक्ष द्यावे. समजा, चिठ्ठीवर ‘सेफ्ट्रायॅक्झोन’ हे प्रतिजैविकाचे (जंतुसंसर्गावरचे) इंजेक्शन आहे. ते राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे आणि बहुतेक सरकारी रुग्णालयांत ते असतेच. त्याऐवजी ‘सेफ्ट्रायॅक्झोन अधिक सल्बॅक्टम’ असे लिहिले असेल तर ते औषध त्या यादीत नसते, कमाल मर्यादा लागू होत नाही आणि रुग्णालयाच्या भांडारातही ते बहुधा मिळत नाही. मेरोपेनेम आणि ‘मेरोपेनेम अधिक सल्बॅक्टम’ यांचेही तसेच आहे. जोडऔषध दरवेळी अनावश्यक असते असे मुळीच नाही. परंतु ‘साधे मेरोपेनेम चालेल का?’ हा एकच प्रश्न कधीकधी पाच दिवसांच्या बिलात हजारोंचा फरक पाडतो.

तिसरी पायरी: पैसे देण्याआधी हक्क तपासा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू असून तिच्यात प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील उपचार ठरावीक पॅकेजच्या स्वरूपात मंजूर होतो, आणि त्या पॅकेजच्या रकमेत औषधे, वापरायच्या वस्तू, जेवण आणि सुटी मिळाल्यानंतरच्या १० दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो. म्हणजेच योजनेतून दाखल झालेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी बाहेरून औषध आणायला लावणे योजनेत बसत नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीस कर्मचाऱ्याला, ती चिठ्ठी दाखवावी, आणि तिथे काम झाले नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार करताना चिठ्ठीचा फोटो आणि बिल जवळ असू द्यावे. पैसे देऊन झाल्यावर तोंडी तक्रार केली तर पुढे फारसे काही होत नाही.

खासगी रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर दुसरा मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाला आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक असे धरले जाते. औषधांच्या बाबतीत यातला महत्त्वाचा भाग असा की दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधे, साहित्य आणि रोपण-उपकरणे (शरीरात बसवायची उपकरणे) छापील किमतीने नव्हे, तर रुग्णालयाच्या खरेदीदराने लावायची असतात. छापील किंमत आणि खरेदीदर यांतली तफावत पाहिली की हा नियम किती मोलाचा आहे ते कळते. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना दाखल होतानाच भेटावे. बिल तयार झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

चौथी पायरी: किंमत पडताळा

औषध बाहेरून आणणे अटळ ठरले की मग किमतीकडे वळावे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. बाजारात १ टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढून तिच्यात १६ टक्के विक्रेत्याचा नफा मिळवला की ही मर्यादा निघते. यादीबाहेरच्या औषधांवर अशी मर्यादा नाही. तिथे कंपनीने छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन आहे, आणि मुळात ती किती ठेवायची हे कंपनी ठरवते.

खरी गोम इथे आहे. २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा बिलातला सुमारे ४ टक्के भाग नियंत्रित औषधांचा आणि सुमारे २५ टक्के भाग अनियंत्रित औषधांचा निघाला. काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्या वर होता. छापील किंमत जितकी जास्त, तितका विकणाऱ्याचा नफा जास्त, आणि कंपन्याही रुग्णालयांना माल खपवण्यासाठी छापील किंमत फुगवून ठेवतात. म्हणून ‘एमआरपीवर १० टक्के सूट’ ही पाटी पाहून समाधान मानू नये. समजा, एकाच इंजेक्शनच्या एका ब्रँडची छापील किंमत २,२०० रुपये आणि दुसऱ्याची ८०० रुपये असेल, तर पहिल्यावर २० टक्के सूट मिळूनही ते १,७६० रुपयांना पडते.

प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ हे मोबाइल अ‍ॅप यासाठीच आहे. त्यात औषधाचे नाव टाकले की कमाल किंमत आणि वेगवेगळ्या ब्रँडच्या किमती दिसतात. कमाल किंमत जीएसटी न धरता दिलेली असते, हे लक्षात ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून काही निवडक जीवरक्षक औषधांवर तो शून्य आहे. मर्यादेपेक्षा जास्त किंमत घेतली असेल तर प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर तक्रार करता येते, परंतु पावती नसेल तर तक्रारीला काही आधार राहत नाही.

पाचवी पायरी: दुकान निवडा

रुग्णालयाच्या आवारातलेच मेडिकल वापरण्याची सक्ती कोणी करत असेल तर तिला कायद्याचा आधार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत औषधे कुठून घ्यायची हे निवडण्याचा हक्क नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या विषयावरच्या याचिकेत स्वतः आदेश देण्याऐवजी धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. खासगी रुग्णालयात ‘बाहेरच्या औषधाची जबाबदारी आम्ही घेणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा वाद घालण्यापेक्षा परवानाधारक दुकानाचे बिल, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दाखवून औषध वॉर्डमध्ये नोंदवून द्यावे.

जनऔषधी केंद्रे पहिली पाहावीत. रक्तदाब, मधुमेह, साधी प्रतिजैविके, सलाइनचे साहित्य अशा गोष्टी तिथे बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त मिळतात. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत शोधता येते. अडचण अशी की ती बहुतेक रात्री बंद असतात आणि अतिदक्षता विभागातली सगळी इंजेक्शने तिथे असतीलच असे नाही. एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीची ‘अमृत’ दुकाने काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहेत आणि कर्करोग, हृदयविकार, रोपण-उपकरणे यांच्यासाठी ती उपयुक्त ठरतात. कर्करोगाच्या बाबतीत रुग्णालयाचे स्वतःचे दुकान बाहेरच्यापेक्षा स्वस्त असण्याचीही शक्यता असते, कारण राष्ट्रीय कर्करोग ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन अनेक औषधांचे दर कंपन्यांशी घासून घेतलेले आहेत. सरकारी मदतीवर चालणाऱ्या कर्करोग रुग्णालयात असाल तर आधी आतला दर विचारा.

रात्री दोन वाजता हे सगळे करणे शक्य नसते, हे मान्य. त्यावर उपाय एकच: त्या रात्रीपुरते, म्हणजे एक-दोन मात्रा, जवळच्या दुकानातून घ्याव्यात आणि उरलेली खरेदी सकाळवर ठेवावी. पहिली मात्रा वेळेवर मिळणे हे पैसे वाचवण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

सहावी पायरी: किती घ्यायचे याचा हिशेब करा

खर्च वाचवण्याची सर्वांत मोठी संधी इथे असते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ‘मेरोपेनेम १ ग्रॅम, दर आठ तासांनी, ५ दिवस’ अशी चिठ्ठी असेल तर एकूण १५ कुप्या होतात. पण रक्ताचा किंवा लघवीचा कल्चर अहवाल (कोणते जंतू आहेत आणि त्यांवर कोणते औषध चालेल हे सांगणारी तपासणी) साधारण दोन-तीन दिवसांत येतो आणि त्यानंतर औषध बदलण्याची, बंद होण्याची किंवा गोळीवर येण्याची चांगलीच शक्यता असते. पहिल्या दिवशीच १५ कुप्या आणून ठेवल्या तर उरलेल्या सहा-आठ कुप्यांचे काय? बाहेरची बरीच दुकाने इंजेक्शन परत घेत नाहीत, थंड ठेवायची औषधे तर नाहीच. म्हणून कल्चर पाठवले आहे का आणि अहवाल कधी येणार हे विचारून एका वेळी दोन दिवसांपुरतेच आणावे. परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावरच लिहून घेतली तर उत्तम.

कर्करोगाच्या औषधांत मात्रा वजनावर किंवा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि कुपीचा आकार ठरलेला असतो. ट्रास्टुझुमॅब या कर्करोगाच्या इंजेक्शनचे उदाहरण घेऊ. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दर तीन आठवड्यांनी किलोमागे ६ मिलिग्रॅम म्हणजे ३६० मिलिग्रॅम द्यायचे आहे. १५० मिलिग्रॅमच्या कुप्या घेतल्या तर तीन लागतात आणि ९० मिलिग्रॅम वाया जाते, कारण ती कुपी एकदाच वापरायची असते. ४४० मिलिग्रॅमची कुपी तिच्याबरोबर येणाऱ्या जंतुरोधक द्रावणात मिसळून योग्य तापमानाच्या फ्रिजमध्ये ठेवली तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते, म्हणजे उरलेले ८० मिलिग्रॅम पुढच्या मात्रेत धरता येते. हे घरी करायचे काम अर्थातच नाही. ते रुग्णालयाच्या डे-केअर विभागानेच करायचे असते आणि प्रत्येक ठिकाणी तशी सोय नसते. परंतु ‘कुठल्या आकाराची कुपी घेतली तर कमी वाया जाईल? उरलेले ठेवता येईल का? बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधासारखेच दुसऱ्या कंपनीचे औषध, चालेल का?’ हे तीन प्रश्न पहिल्या मात्रेआधी विचारावेत. तेच औषध घेणारे दोन-तीन रुग्ण असतील तर काही केंद्रे त्यांना एकाच दिवशी बोलावून कुपी वाटून देतात. तेही विचारून पाहावे.

थंड ठेवायचे औषध आणायला जाताना थर्मास किंवा बर्फाच्या पिशव्यांचा डबा न्यावा, आणि औषध थेट बर्फावर ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन किंवा प्रतिपिंड-औषध टाकून द्यावे लागते.

सातवी पायरी: खरोखर महाग औषध असेल तेव्हा

लाखांच्या घरातले औषध असेल तर दुकानांची तुलना पुरत नाही. अशा वेळी वैद्यकीय समाजसेवकांकडे एकदा बसून अर्जांची आखणी करावी. मुख्यमंत्री सहायता निधीची रक्कम रुग्णाच्या हातात नव्हे, रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून उपचाराआधीच खर्चाचे अंदाजपत्रक जोडून अर्ज करावा लागतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि राष्ट्रीय आरोग्य निधी यांचे अर्ज वेगळे आहेत. अनेक कंपन्या स्वतःच्या महाग औषधांसाठी रुग्ण साहाय्य कार्यक्रम चालवतात, ज्यात काही मात्रा विकत घेतल्यावर पुढच्या मात्रा मोफत मिळतात. हे कार्यक्रम जाहिरातीत दिसत नाहीत, डॉक्टरांमार्फत नाव नोंदवावे लागते. मात्र त्यांच्या अटी नीट वाचाव्यात, कारण पहिल्या मात्रा छापील किमतीला घेण्याची अट असेल तर दुसऱ्या कंपनीचे बायोसिमिलर एकूण हिशेबात स्वस्त पडू शकते.

दुर्मीळ आजारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. भारतात न मिळणारे औषध स्वतःच्या वापरासाठी परदेशातून आणायचे झाल्यास केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नमुना १२-अ मध्ये अर्ज करून परवाना घ्यावा लागतो, आणि धोरणात नमूद असलेल्या दुर्मीळ आजारांच्या औषधांना १ एप्रिल २०२३ पासून सीमाशुल्कात माफी आहे.

आठवी पायरी: कागद सांभाळा

प्रत्येक बिलावर रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषधाचा बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि दुकानाचा परवाना क्रमांक आहे का ते दुकानातच पाहावे. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर, १ ऑगस्ट २०२३ नंतर तयार झालेल्या बॅचपासून, क्यूआर कोड असतो. महाग औषध असल्यास तो स्कॅन करून बॅच जुळते का ते तपासावे. चिठ्ठी आणि तिचे बिल एकत्र टाचून तारखेनुसार लावावे. दुकानदार मूळ चिठ्ठी ठेवून घेऊ लागला तर झेरॉक्स द्यावी.

खासगी आरोग्य विमा कॅशलेस असला तरी बाहेरून आणलेली औषधे त्या बिलात येत नाहीत. त्यांचा दावा नंतर वेगळा करावा लागतो, आणि त्यासाठी दाखल असतानाची चिठ्ठी व बिल यांच्या तारखा जुळाव्या लागतात. हातमोजे, डायपर अशा काही वस्तूंचे पैसे विमा कंपन्या देत नाहीत, म्हणून औषधे आणि अशा वस्तू यांची बिले दुकानात वेगवेगळी करून घ्यावीत. सुटीनंतरच्या औषधांचा खर्च साधारण ६० ते ९० दिवसांपर्यंत मिळतो, नेमकी मुदत पॉलिसीत पाहावी. सरकारी कर्मचाऱ्यांनी वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी लागणारे आवश्यकता प्रमाणपत्र सुटीच्या दिवशीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीने घ्यावे, कारण निवासी डॉक्टरांची बदली झाली की ती सही मिळवण्यासाठी हेलपाटे पडतात. कर्करोग किंवा मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या ठरावीक आजारांत जुनी करप्रणाली निवडलेल्यांना प्राप्तिकर कायद्याखाली (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) ४० हजार रुपयांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाख रुपयांपर्यंत वजावट दिलेली आहे. तिच्यासाठी त्या विषयाच्या तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.